मेडिव्हल २ चा मॉड कोसळतो आणि खेळाचा तोलही गेलाय: दोन्हींचं मूळ एकाच फाइलीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 'मेडिव्हल २: टोटल वॉर' या संगणकखेळाचा एक जुना मॉड (म्हणजे चाहत्यांनी फाइली बदलून केलेली आवृत्ती) मूळ कर्त्यांनी सोडून दिला होता, तो तुम्ही पुढे चालवायला घेतला आहे. त्यात एक टर्न म्हणजे अर्धं वर्ष. दीडशेच्या पुढे टर्न गेले की एंड टर्न दाबल्यावर खेळ बंद पडतो, मोठ्या लढाया लोड होतानाही अधूनमधून पडतो. एआयची, म्हणजे संगणक चालवतो त्या राज्यांची, पाळी संपता संपत नाही. शत्रू उठसूट वीस-वीस तुकड्यांचं सैन्य घेऊन येतो, पण त्यात निम्मे शेतकरी असतात. आणि मंगोल १११५ साली दारात उभे राहतात. आधी खेळ स्थिर करावा की त्याचा तोल सुधारावा, आणि लोकांच्या चालू मोहिमा वाचतील का, हे तुम्ही विचारलं आहे.

लढाईतलं कोसळणं सोडलं, तर तुम्ही सांगितलेल्या बाकीच्या सगळ्या तक्रारी एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्यांचं मूळ बहुधा मोहिमेच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे 'अमुक झालं तर तमुक कर' अशा आज्ञांच्या फाइलीत, आहे. अशा मॉडमध्ये दरवेळी तेच होतं. एआय दुबळा वाटतो, म्हणून कोणीतरी स्क्रिप्टमधून त्याला पैसे देतं. शहरं पटापट पडतात, म्हणून दुसरं कोणी वेढा पडताच तुकड्या उभ्या करणारी स्क्रिप्ट घालतं. इतिहास हवा तसा घडत नाही, म्हणून तिसरा माणूस तारखा ठोकून देतो. प्रत्येक भर चांगल्या हेतूने पडते आणि काही वर्षांनी फाइल हजारो ओळींची होते. म्हणून 'आधी काय' याचं उत्तर असं की स्क्रिप्ट कमी करणं हेच दोन्हींचं पहिलं काम. जे इंजिनाच्या साध्या तक्त्यांमधून होऊ शकतं ते तिथे हलवा. स्क्रिप्टमध्ये फक्त तेवढंच ठेवा जे दुसरीकडे होणारच नाही.

पण त्याआधी कोसळणं नक्की कोणत्या जातीचं आहे ते ओळखावं लागेल. हा खेळ २००६ चा, त्याचा 'किंग्डम्स' हा विस्तार २००७ चा. पडताना तो 'अनस्पेसिफाइड एरर' एवढंच म्हणतो, त्यावरून काही कळत नाही. मॉडच्या सीएफजी (सेटिंगच्या) फाइलमध्ये लॉगचा, म्हणजे खेळ स्वतः करत असलेल्या नोंदींचा, भाग असतो. तिथली पातळी 'एरर'वरून 'ट्रेस'वर न्या आणि लॉगच्या फोल्डरमध्ये खेळाला लिहिता येतंय ना ते पाहा. लॉगची शेवटची ओळ म्हणजेच गुन्हेगार असं धरून चालू नका. ती फक्त शेवटची नीट लिहिली गेलेली गोष्ट असते. मात्र स्क्रिप्टमधली चुकीची नावं, न सापडलेल्या फाइली, न समजलेले शब्द यांच्या तक्रारी त्याच लॉगमध्ये बऱ्याच वर, खेळ सुरू होतानाच नोंदवलेल्या असतात. लोक तळाशी जाऊन परत येतात आणि त्या वाचतच नाहीत.

मग ऑटोसेव्ह उघडून पुन्हा एंड टर्न दाबा. चार-पाच वेळा तेच करा आणि प्रत्येक वेळी पाळी कोणत्या फॅक्शनची (राज्याची) चालू होती ते तिच्या चिन्हावरून टिपून ठेवा. दरवेळी त्याच फॅक्शनवर पडत असेल तर दोष डेटाचा किंवा स्क्रिप्टचा आहे, म्हणजे तो सापडणारच. कधी इथे, कधी तिथे, कधी पडतच नाही, आणि सलग बराच वेळ खेळल्यावरच पडतो असं असेल, तर मेमरी कमी पडत असल्याचा संशय घ्या. कन्सोलमधून 'टॉगल_एफओडब्ल्यू' देऊन नकाशावरचं धुकं काढलं तर एआय पडण्याआधी काय करत होता तेही दिसतं. पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं.

लढाईचं आधी उरकू, कारण तो भाग स्वतंत्र आहे. हा खेळ ३२ बिटचा. विंडोज अशा प्रोग्रामला साधारणपणे २ जीबी पत्त्यांची जागा देतं. एक्झी फाइलवर 'लार्ज ॲड्रेस अवेअर' खूण असेल तर ६४ बिटच्या विंडोजवर ती ४ जीबीपर्यंत जाते. संगणकात ३२ जीबी रॅम असली तरी या खेळाला तिचा उपयोग नाही. ती खूण आहे का ते आधी तपासा, नसेल तर लावायला लोकांना सांगा. पण हे झालं ठिगळ. जागा खातंय कोण ते पाहायलाच हवं, आणि ती टेक्स्चर, म्हणजे सैनिकांवर चढवलेली चित्रं, खातात. हिशेब करा: २०४८ बाय २०४८ चं डीएक्सटी५ (दाबून साठवलेलं) टेक्स्चर ४ एमबीचं, मिपमॅप (त्याच्याच लहान प्रती) धरून साधारण ५.३. एका युनिटला, म्हणजे तुकडीच्या प्रकाराला, अंगाचं टेक्स्चर, त्याचा नॉर्मल मॅप (उठाव दाखवणारं चित्र), ढाल-तलवारीचं टेक्स्चर आणि त्याचाही नॉर्मल मॅप, अशी चार लागतात, म्हणजे २१ एमबीच्या वर. दोन्ही बाजू मिळून ४० वेगवेगळी युनिटं मैदानात उतरली की साडेआठशे एमबी नुसत्या कपड्यांवर गेले. तीच टेक्स्चर १०२४ वर आणली तर हा आकडा सव्वादोनशेच्याही खाली येतो. हजारो सैनिकांच्या लढाईत कॅमेरा उंच असताना हा फरक कोणाच्या लक्षात येणार? सेनापती, राजाची अंगरक्षक तुकडी अशी मोजकी युनिटं मोठी ठेवा, बाकी सगळी निम्म्यावर आणा. या एका कामाने लढाईतलं कोसळणं जितकं कमी होतं तितकं दुसऱ्या कशाने होत नाही.

ही टेक्स्चर ज्या फाइलीत नोंदलेली असतात तिच्यात, म्हणजे बॅटल_मॉडेल्सच्या मॉडेलडीबीत, प्रत्येक मॉडेलला अंतरानुसार चार मेश (त्रिमितीय सांगाडे) दिलेले असतात. त्यापुढचे १२१, १२२५, २५००, ६४०० हे आकडे अंतराचे वर्ग आहेत, म्हणजे ११, ३५, ५० आणि ८०. दुसऱ्या खेळातून किंवा स्वतः बनवून मॉडेल आणणाऱ्याला कंटाळा आला की तो चारही जागी तोच सर्वांत तपशीलवार मेश चिकटवतो. मग ठिपक्याएवढा दिसणारा सैनिकही पूर्ण तपशिलात काढला जातो आणि लढाई अडखळू लागते. अशा नोंदी शोधा. दूरचे हलके मेश बनवायला वेळ नसेल, तर त्याच प्रकारच्या मूळ युनिटाचे दूरचे मेश वापरा, कोणालाही कळत नाही.

ही फाइल हाताने बदलताना मात्र जपून. तिच्यात प्रत्येक नावाआधी त्या नावाच्या अक्षरांची संख्या लिहिलेली असते. अगदी पहिल्याच ओळीत 'सीरियलायझेशन::आर्काइव्ह' या शब्दाआधी २२ आहे. इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं आणि मधले दोन कोलन मोजा, बरोबर २२ भरतात. तुम्ही एखाद्या टेक्स्चरच्या फाइलीचं नाव एका अक्षराने वाढवलंत आणि मार्गाआधीचा आकडा तसाच ठेवलात, की खेळ तिथून पुढचं सगळं एक अक्षर सरकवून वाचतो. मग तो कुठे पडेल याचा नेम नाही, सहसा दोष असलेल्या जागेच्या बराच पुढे पडतो. मॉडेलांची एकूण संख्याही वरच्या ओळीत असते. मॉडेल वाढवलंत तर तीही वाढवा. आणि एखाद्या फॅक्शनसाठी टेक्स्चरची नोंदच नसेल तर खेळ पडत नाही, सैनिक चांदीचे दिसतात. भाडोत्री तुकड्यांची नोंद वेगळी असते, ती लोक हमखास विसरतात. बाजारातून विकत घेतलेली तुकडी चकाकू लागली की समजा.

आता मोहीम. एंड टर्नला पडण्याचं मला सर्वांत जास्त वेळा दिसलेलं कारण म्हणजे स्क्रिप्टने उभं केलेलं सैन्य. फॅक्शन आधीच संपलेली असते, तिच्या नावाने सेनापती निर्माण होतो आणि खेळ कोलमडतो. दीडशे टर्नांनंतरच तुमचा मॉड का पडतो, याचं उत्तर इथे असू शकतं, कारण तोवर दोन-चार छोट्या फॅक्शन मेलेल्या असतात. सैन्य उभं करणाऱ्या प्रत्येक आज्ञेआधी त्या फॅक्शनकडे निदान एक वस्ती आहे का, ही अट हवी. त्यासाठी 'आय_नंबरऑफसेटलमेंट्स' ही अट आहेच. सेनापतीला ठरावीक नाव दिलं असेल तर ते त्या फॅक्शनच्या नावांच्या यादीत आहे का ते पाहा, नाहीतर सरळ 'रँडम_नेम' वापरा. दुसरं कारण शोधायला जास्त वेळ लागतो. एखाद्या पात्राचं नकाशावरचं मॉडेल त्या फॅक्शनला दिलेलंच नसतं. मूळ खेळात मुस्लिम फॅक्शनांना राजकन्या मिळत नाहीत. नवी फॅक्शन बनवताना जुन्या एका फॅक्शनच्या नोंदी उचलल्या आणि अशी एखादी ओळ राहून गेली, तर ते पात्र जन्माला येईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. म्हणून पात्रांच्या फाइलीत प्रत्येक पात्रप्रकाराखाली प्रत्येक फॅक्शन आहे की नाही, हे एकदा बसून ताडून घ्या. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करावं लागतं.

एआयच्या लांबलेल्या पाळीचं आणि शेतकऱ्यांच्या सैन्याचं कारण एकच आहे, त्यावर मी जरा थांबतो.

वेढा पडल्यावर तुकड्या देणारी स्क्रिप्ट बहुधा अशी असते: अमुक शहर तमुक फॅक्शनचं आहे आणि त्याला वेढा पडला आहे, तर तिथे दोन भालाईत आणि दोन धनुर्धारी तुकड्या निर्माण कर. शहरं १०० आणि फॅक्शन २० धरल्या तर असे २,००० पहारे, म्हणजे अट पुरी झाली का ते पाहणारे स्क्रिप्टचे तुकडे, होतात. त्यातून ते 'मॉनिटर_कंडिशन्स' प्रकारचे असतील तर खेळ त्यांच्या अटी सतत तपासत राहतो. घटनेवर बांधलेला 'मॉनिटर_इव्हेंट' मात्र ती घटना घडली तरच तपासला जातो. एवढा बदल केला तरी पाळीचा वेळ डोळ्यांत भरण्याइतका उतरतो. पण खरं नुकसान पुढे होतं. वेढा उठतो, तुकड्या तिथेच राहतात आणि दर टर्नला पगार मागतात. शहरात काही तुकड्यांना पगार माफ असतो, तोही ठरावीक संख्येपर्यंतच. तीन-चार वेढ्यांनंतर एआयचा खजिना रिकामा. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की एआय कर्जात बुडाला आहे, आणि 'ॲड_मनी'ची ओळ येते. प्रत्येक एआय फॅक्शनला दर टर्नला ५,०००, कधी १०,०००.

आता एआयकडे पैसा आहे. तो काय करतो? भरती करतो. आणि भरतीत मिळतं काय, हे पैशावर ठरत नाही, इमारतींच्या फाइलीतल्या भरती-साठ्यावर ठरतं. ईडीबीमध्ये, म्हणजे याच फाइलीत, 'रिक्रूट_पूल'च्या ओळीत युनिटाच्या नावापुढे चार आकडे असतात: इमारत झाल्यावर सुरुवातीला किती, दर टर्नला किती भर, जास्तीत जास्त किती साठा, आणि अनुभव. सरदारी घोडदळापुढे '१ ०.१ २ ०' आणि शेतकऱ्यांपुढे '२ ०.८ ५ ०' असं असेल, तर घोडदळाची तुकडी दहा टर्नांतून एक तयार होणार आणि शेतकऱ्यांची जवळपास दर टर्नला. खिशात पैसे खुळखुळणारा एआय उपलब्ध असेल ते उचलतो. म्हणून तुमच्यासमोर शेतकऱ्यांचे जथ्थे येतात. नकाशावर सैन्यं वाढली की प्रत्येकाची वाट शोधणं, लक्ष्य ठरवणं वाढतं, आणि पाळी आणखी लांबते. म्हणजे पाळीचा वेळ, कचरा सैन्य आणि कर्ज या तीन तक्रारी एकाच साखळीच्या कड्या. ती पैशाने तुटत नाही, पैशाने लांबते.

मी ती दुसऱ्या टोकाकडून तोडतो. आधी वेढ्याची स्क्रिप्ट काढून टाकतो, सगळीच्या सगळी. तिच्याऐवजी शहर आणि किल्ला या दोन्हींत त्या प्रदेशाच्या नेहमीच्या पायदळाचा साठा वाढवतो आणि ईडीयूमध्ये, म्हणजे युनिटांच्या फाइलीत, त्या युनिटाचा पगार कमी करतो. 'स्टॅट_कॉस्ट'च्या ओळीत पहिला आकडा टर्नचा, दुसरा किमतीचा आणि तिसरा पगाराचा. शेतकऱ्यांचा कमाल साठा एकावर आणतो, भर ०.२ च्या आसपास. मग एआयच्या शहरात आपोआप बरी शिबंदी राहते, कारण ती ठेवणं त्याला परवडतं. हा फायदा खेळणाऱ्यालाही मिळतो हे खरं. त्यावर उपाय म्हणून मी किंमत वाढवतो, पगार नाही. माणूस पैसे साठवून ऐनवेळी एकदम भरती करतो आणि गरज सरली की तुकड्या मोडतो, त्यामुळे चढी किंमत त्याला बोचते. एआय सैन्य वर्षानुवर्षं सांभाळत बसतो, त्यामुळे हलका पगार त्याला पावतो. वरून लागलाच तर राजाचा तनखा, म्हणजे सुरुवातीच्या मांडणीच्या फाइलीतला 'किंग्ज पर्स', दुबळ्या फॅक्शनांना थोडा वाढवून द्या. पैशांची स्क्रिप्ट ठेवायचीच असेल तर प्रत्येक फॅक्शनला एकच पहारा ठेवा: तिची पाळी सुरू होताना, ती माणसाच्या हातात नसताना आणि खजिना शून्याखाली असतानाच पैसे द्यायचे. ठरावीक खिरापत नको.

आता कालगणना. तुमच्या मंगोलांचं कोडं तिथेच आहे.

मूळ खेळ १०८० मध्ये सुरू होतो, १५३० मध्ये संपतो आणि एक टर्न दोन वर्षांचा, म्हणजे एकूण २२५ टर्न. पण पात्रांचं वय टर्नला अर्ध्याच वर्षाने वाढतं. विसाव्या वर्षी मैदानात आलेला सेनापती साठीत मेला तर तो ८० टर्न जगला, आणि पंचांगाने तेवढ्यात १६० वर्षं गेली. हा विनोद बऱ्याच मॉडकारांना खटकतो, म्हणून ते टर्न अर्ध्या वर्षाचा करतात. तुमच्या मॉडच्या मूळ कर्त्यांनीही तेच केलं. निर्णय योग्य होता, पण बाकीचे आकडे त्याच्यामागून बदलले गेले नाहीत. ऐतिहासिक घटनांच्या फाइलीत तारखा सुरुवातीपासूनच्या वर्षांत मोजल्या जातात, त्यामुळे टर्नची लांबी बदलली तरी त्या जागेवर राहतात. स्क्रिप्टमधला 'आय_टर्ननंबर' मात्र टर्न मोजतो. दोन वर्षांच्या हिशेबाने ७० वा टर्न म्हणजे १२२०. अर्ध्या वर्षाच्या हिशेबाने तोच ७० वा टर्न १११५. तुमच्या मॉडमध्ये मंगोलांचं आगमन स्क्रिप्टमधून ७० च्या आसपास ठोकलेलं असणार. तेमुजिनला चंगीझखान ही पदवी मिळाली १२०६ मध्ये, इथे त्याच्या जन्माआधीच फौजा उतरतात. स्क्रिप्टमध्ये 'टर्ननंबर' शोधा आणि त्याच्यापुढच्या प्रत्येक आकड्याला चारने गुणा. १२२० साठी २८० येईल.

गुणून झालं की दुसरी अडचण उभी राहते. २८० टर्न खेळल्यावर मंगोल येणार असतील, तर तोवर खेळणाऱ्याने निम्मा नकाशा खाल्लेला असतो, कारण उत्पन्न, लोकसंख्येची वाढ आणि बांधकामं अजून टर्नच्या जुन्या मापाने चालू आहेत. इथेच मॉडचा खरा तोल ठरतो. मी तीन गोष्टी मंदावतो आणि एक मुद्दाम तशीच ठेवतो. लोकसंख्येची वाढ वस्त्यांच्या यंत्रणेच्या एक्सएमएल फाइलीतून खाली आणतो. इमारतींना लागणारे टर्न दुप्पट करतो, पण चौपट नाही. चौपट केले की खेळणारा नुसता एंड टर्न दाबत बसतो. भारी युनिटांची भरती ०.१ वरून ०.०४ किंवा ०.०५ वर आणतो. सैन्याची चाल मात्र कमी करत नाही. अर्ध्या वर्षात फौज किती लांब जाऊ शकते या दृष्टीने मूळ चाल उलट कमीच आहे, आणि ती आणखी घटवली की एआयच्या मोहिमा वाटेतच विरतात. क्रुसेडची (धर्मयुद्धाची) फौज पोहोचायच्या आत फुटून जाते, हे चित्र तुम्ही पाहिलं असेल.

तारखांबद्दल माझं एक स्पष्ट मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. घटना ठोकू नका, तिला अटी घाला. १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडने कॉन्स्टँटिनोपल लुटलं, १२६१ मध्ये ते ग्रीकांनी परत घेतलं. म्हणून तुमच्या मोहिमेत १२०४ आलं की शहर बंडखोरांना देऊन टाकायचं, हे खेळणाऱ्यावर अन्याय करणारं आहे. त्याने शंभर वर्षं खपून बायझंटाइन सत्ता उभी केलेली असते. उलट फॅक्शन एआयच्या हातात असेल, तिच्याकडच्या वस्त्या ठरावीक संख्येखाली असतील आणि खजिना आटलेला असेल तरच फूट पडू द्या. मंगोलांचंही तसंच. त्यांची पहिली लाट तारखेने येऊ द्या, ती बाहेरची गोष्ट आहे. पण १२५८ मध्ये बगदाद पडलं आणि १२६० मध्ये ऐन जालूतला मामलुकांनी त्यांना थोपवलं, हे स्क्रिप्टने घडवू नका. तुमच्या मोहिमेत मंगोल कैरोपर्यंत गेले तर जाऊ दे. आनुषंगिक लाभ असा की अटी पाळीच्या घटनेला बांधलेल्या असल्यामुळे अशा स्क्रिप्टा संख्येने थोड्या राहतात.

एआयच्या आक्रमकतेसाठी मोहिमेच्या एआयची एक्सएमएल फाइल आहे. त्यात संरक्षण आणि आक्रमण यांचे निर्णय एकाखाली एक लिहिलेले असतात आणि त्यांच्या क्रमाला अर्थ असतो. 'इनव्हेड_बिल्डअप', 'इनव्हेड_ऑपॉर्च्युनिस्टिक', 'इनव्हेड_इमीजिएट' असे आक्रमणाचे प्रकार आहेत. लोक उत्साहाने सगळीकडे 'इमीजिएट' करून ठेवतात. मग एआय सगळ्या सीमांवर एकदम तुटून पडतो आणि कुठेच जिंकत नाही. या फाइलीतला एक निर्णय बदला, ५० टर्न चालवा, नकाशा पाहा, मगच पुढचा बदला.

एआयने एआयशी केलेली एकही लढाई प्रत्यक्षात खेळली जात नाही, ती आकडेमोडीने सुटते. ती आकडेमोड ईडीयूमधल्या हल्ला, बचाव, संख्या अशा आकड्यांवर चालते. तुम्ही मैदानात कितीही बारकाईने भालाईत विरुद्ध घोडदळ असा तोल साधलात, तरी नकाशावर कोणती सत्ता वाढणार ते त्या सूत्राला कोण जड वाटतं यावरून ठरतं. घोड्यावरून बाण मारून निसटणारं हलकं घोडदळ मैदानात छळतं, पण सूत्राला निसटणं कळत नाही. म्हणून गवताळ प्रदेशातल्या फॅक्शन एआयच्या हातात लवकर मरतात. त्यांना मैदानात अधिक बळकट न करता नकाशावर जगवायचं असेल, तर पगार आणि भरती हेच हत्यार आहे. चिलखताचे आकडे वाढवू नका.

एक जुनी गोष्ट तपासा. खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत ढालीचा आकडा बचावात मिळवण्याऐवजी वजा होत होता आणि दोन हातांनी चालवायची शस्त्रं घोडदळापुढे निकामी ठरत होती. १.२ च्या पॅचने दोन्ही दुरुस्त झालं. त्याआधी लोकांनी ढालीचे आकडे शून्य करून चिलखतात भरले होते. तुमच्या मॉडचं ईडीयू त्या काळातल्या कशावरून तरी उचललेलं असेल, तर ढाल हातात असूनही आकडा शून्य असलेली युनिटं सापडतील. तिरंदाजांसमोर ती विचित्र वागतात, कारण चिलखत सगळीकडून उपयोगी पडतं आणि ढाल फक्त समोरून आणि डावीकडून.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. ईडीबीमध्ये फॅक्शनांच्या यादीत महिरपी कंसाच्या आतबाहेर मोकळी जागा हवी आणि शेवटच्या नावानंतरही स्वल्पविराम हवा. टेक्स्ट फोल्डरमधल्या फाइली यूटीएफ-१६ मध्येच जतन करा. त्या बदलल्यावर जुन्या स्ट्रिंग्ज.बिन फाइली पुसा, नाहीतर तुमचा बदल दिसणारच नाही. नकाशा किंवा प्रदेशांची फाइल बदलली तर मॅप.आरडब्ल्यूएम पुसा. फॅक्शन ३१, युनिटं ५००, प्रदेश १९९ या इंजिनाच्या मर्यादा आहेत. इंजिनात शिरून यातल्या काही मर्यादा उठवणारा एक सामुदायिक प्रकल्प आहे आणि तो चांगला आहे, पण आत्ता त्याच्याकडे वळू नका. आधी आहे ते मोकळं करा. ५०० युनिटांतली कित्येक कोणी भरतीच करत नाही, ती कोणत्याही भरती-साठ्यात नसतात. सगळ्या मजकूर फाइली पहिल्याच दिवशी गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, टाका.

राहिला चालू मोहिमांचा प्रश्न. युनिटांचे आकडे आणि पगार, भरतीच्या साठ्याचे आकडे, एआयची एक्सएमएल फाइल, टेक्स्चर, मेश, मजकूर हे बदललं तरी जुन्या सेव्ह सहसा चालतात. नवं युनिट घालायचं झालं तर ईडीयूच्या शेवटी घाला, मध्ये घुसवू नका. मोहिमेची स्क्रिप्ट, सुरुवातीची मांडणी, नकाशा, इमारतींच्या नव्या साखळ्या, नव्या फॅक्शन यांना हात लावला की जुन्या सेव्ह गेल्या म्हणून समजा. काही वेळा त्या उघडतात, पण स्क्रिप्ट गप्प झालेली असते, आणि अशा मोहिमेतून येणाऱ्या तक्रारी तुमचा सगळ्यांत जास्त वेळ खातात.

म्हणून दोन आवृत्त्या काढा. पहिलीत टेक्स्चर, मेश, मॉडेलडीबी, पगार, भरतीचे साठे एवढंच. ही चालू मोहिमेवर बसते, आणि लढाईतलं कोसळणं तसंच शेतकऱ्यांचे जथ्थे बऱ्यापैकी इथेच आवरतात. वेढ्याची स्क्रिप्ट तिच्यात तशीच राहील, तिला हात लावायचा मोह टाळा. पात्रांच्या मॉडेलांची ताडणी याच काळात करून ठेवा. दुसरीत स्क्रिप्टची छाटणी, टर्नचे आकडे, तनखा, लोकसंख्या आणि बांधकामाचा वेग घ्या. तिच्या नावाचा पहिलाच आकडा बदला आणि पहिल्याच ओळीत लिहा की नवी मोहीम सुरू करावी लागेल. दुसरी बाहेर काढण्याआधी नकाशाच्या कोपऱ्यातली एखादी छोटी फॅक्शन घेऊन, काहीही न करता, ३०० टर्न नुसते पुढे ढकला. म्हणजे मंगोल उतरण्याचा २८० वा टर्नही मागे पडेल. दर २० टर्नांनी वेगळ्या नावाने सेव्ह करा. पडलाच, तर त्याच्या अलीकडची सेव्ह, लॉग आणि त्या क्षणी पाळी असलेल्या फॅक्शनचं नाव, या तिन्ही गोष्टी हाताशी असतील.